प्रिंटर भंगारात गेला, ड्रायव्हर मात्र तिथेच

जुना लेझर प्रिंटर कबाड्याला दिला की विषय संपला, असं समजू नका. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या काही सीए ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथली मुलं मला काका म्हणतात आणि ‘काका, तो सॅमसंगवाला तर कधीच गेला’ असं सांगून मोकळी होतात. मी तरी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटर चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, मागे राहिलाय का ते बघतोच.

बघायचं असं: सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हर्स. या फोल्डरमध्ये एसएसपोर्ट नावाची, शेवटी डॉट एसवायएस असलेली फाइल आहे का ते शोधा. नसेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

ही ड्रायव्हरची फाइल एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या बऱ्याच प्रिंटरांबरोबर २००५पासून येत होती. त्यातली चूक २०२१ साली सेंटिनेलवन या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केली. सुरक्षेतल्या चुकांच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३४३८, गांभीर्य १०पैकी ८.८. एखादा प्रोग्रॅम ड्रायव्हरला मजकूर देतो आणि तो किती लांब आहे हेही तोच सांगतो. ड्रायव्हर म्हणजे पातेलं केवढं ते न बघता गिऱ्हाईक म्हणेल तितकं ओतणारा दूधवाला. जास्तीचा मजकूर कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, मेमरीत शेजारच्या जागेवर चढतो, आणि नीट आखून चढवला तर साध्या खात्यातून थेट सिस्टमचे, म्हणजे मशीनवरचे सगळ्यात वरचे, अधिकार मिळतात.

इंटरनेटवरून कुणी सरळ आत शिरतो असं नाही. घातक प्रोग्रॅम आधी मशीनवर चालावा लागतो. पण आर्टिकलशिपच्या मुलांना मी मुद्दाम ॲडमिन नसलेली खाती देतो, ती नेमकी यासाठीच की कुणी भलती अटॅचमेंट उघडली तरी नुकसान तिथेच थांबावं. या फाइलमुळे ती सगळी मेहनत पाण्यात. शिवाय प्रिंटर जोडलेला नसला तरी विंडोज ती दरवेळी सुरू होताना लोड करतं. सेटअप अर्ध्यात कॅन्सल केला असला तरी ती बसलेली असू शकते.

प्रिंटर अजून वापरात असेल तर काढाकाढी नको. एचपीच्या साइटवर मॉडेल टाकून नवा ड्रायव्हर घ्या. सॅमसंगचे प्रिंटरही आता तिथेच सापडतात. झेरॉक्स असेल तर झेरॉक्सच्या साइटवर जा.

प्रिंटर गेलेला असेल तर आधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येईल. सेटिंग्जमधल्या ॲप्समधून त्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढा. मग प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडून ड्रायव्हर्स टॅबवर जा आणि रिमूव्ह करताना ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हाच पर्याय निवडा. नुसता ड्रायव्हर काढायचा पर्याय निवडला तर पॅकेज मागे राहतं. रीस्टार्ट करून तेच फोल्डर पुन्हा बघा. माझ्या मते खरं काम हेच, आणि लोक नेमका याच वेळी चहाला उठतात.

विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन, तिथली मेमरी इंटेग्रिटीही चालू करा. कर्नलमध्ये परका कोड घुसवणं त्याने अवघड होतं, पण सदोष ड्रायव्हर त्याने दुरुस्त होत नाही, म्हणून वरचं सगळं टाळू नका.

आणि ड्रॉवरमधली ती प्रिंटरची सीडी, पेन ड्राइव्हवरचा जुना सेटअप, दोन्ही टाकून द्या. कुणीतरी ‘बघू चालतो का’ म्हणून ते चालवलं की फाइल परत हजर.