अंडपेशीचं असमान विभाजन बघताय? मग या चुका टाळा

बडोद्याचा मे महिना, बाहेर 43 अंश. थर्मासमधून शेळीची अंडाशयं आली, की नवा विद्यार्थी आधी एसी 18 वर नेतो आणि मग डिश मायक्रोस्कोपखाली घेऊन निवांत बसतो. दुसऱ्या दिवशी पोलर बॉडी (विभाजनात अंडपेशीतून बाहेर पडणारी इवलीशी पेशी) दिसत नाहीत आणि खापर फुटतं मीडियमवर, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात त्याच्यावर. मीडियम क्वचितच खराब असतं.

मुळात बघायचं काय आहे, ते आधी समजून घ्या. अंडपेशीच्या पहिल्या अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांची वाटणी निम्मी-निम्मी होते, पण पेशीद्रव जवळजवळ सगळा अंडपेशीकडेच राहतो. पोलर बॉडीला मिळतो तो चिमूटभर. कारण पुढे गर्भाला जगायचं असतं. शेळीच्या गर्भाची स्वतःची जनुकं जोमानं कामाला लागतात ती 8 ते 16 पेशी झाल्यावर. तोवर सगळं आईनं बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. ही शिदोरी एकाच बाजूला राहते ती स्पिंडलच्या, म्हणजे गुणसूत्रं ओढून वाटणाऱ्या धाग्यांच्या चातीच्या, जागेमुळे. स्पिंडल पेशीच्या मध्याजवळ बांधला जातो आणि ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्याच्या जोरावर कडेला सरकतो. ॲक्टिनचे धागे उभारणारं फॉर्मिन-2 हे प्रथिन ज्या उंदरांत नाही, त्यांच्यात तो मध्यातच अडकतो, हे 2002 मध्येच दाखवलं गेलं आहे. म्हणून मी मुलांना सांगते, पोलर बॉडी मोजत बसण्याआधी स्पिंडल कुठे आहे ते विचारा.

हे न विचारल्यामुळे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन सारखे भाग दिसले की "गर्भ झाला" म्हणणं.

एकदा संध्याकाळी मी मांडवीजवळ भाजी घेत होते. एका विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, टू-सेल आलं! शुक्रजंतू घातलेच नाहीत तरी!" आवाज थरथरत होता. तशीच परत गेले. डिशमध्ये उंदराच्या 17 अंडपेशी होत्या आणि त्यांतल्या सहांमध्ये खरोखरच झोनाच्या (अंडपेशीभोवतीच्या पारदर्शक कवचाच्या) आत दोन सारखे गोल, मधे सरळ रेघ. शेजारच्या डिशमधल्या, औषध न घातलेल्या पेशींना मात्र नेहमीसारख्या लहानशा पोलर बॉडी आल्या होत्या.

मुलाचा प्रयोग चांगला होता. सायटोकॅलेसिन या औषधानं ॲक्टिन अडवायचं आणि स्पिंडल सरकतो का ते बघायचं. औषध रात्रीपर्यंत ठेवायचं ठरलं होतं. पण त्याला रात्री थांबायचं नव्हतं, म्हणून दुपारी तीनलाच पेशी धुऊन साध्या मीडियममध्ये टाकल्या आणि वहीत त्याचा उल्लेखही नाही. औषध होतं तोवर स्पिंडल मध्यात अडकून राहिला. औषध गेल्यावर ॲक्टिन परतलं, विभाजनाची वेळ झालीच होती, आणि काप पडला तो नेमका मधोमध.

त्याच्यासमोरच मी होकस्ट हा गुणसूत्रं उजळवणारा रंग घातला. खऱ्या दोन पेशींच्या गर्भात प्रत्येक पेशीत एक गोल, मऊ कडेचं केंद्रक दिसतं, आणि बाजूला पोलर बॉडी असते. इथे दोन्ही अर्ध्या भागांत गुणसूत्रं घट्ट आवळून एका पट्टीत उभी होती, म्हणजे दोन्ही भाग दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत थांबलेले. केंद्रक कुठेच नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: रंगवून बघितल्याशिवाय डिशमधल्या कशालाही नाव द्यायचं नाही, आणि प्रत्येक धुण्याची वेळ मार्करनं झाकणावर लिहायची. वहीत नंतर लिहू म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता पुन्हा एसीकडे. स्पिंडल ज्या मायक्रोट्यूब्यूल्सचा बनतो, त्या गारव्यात विरघळतात. डिश दहा-पंधरा मिनिटं खोलीच्या तापमानाला राहिली तरी तो विस्कटू लागतो. परत ऊब दिली की पुन्हा बांधला जातो, पण प्रत्येक पेशीत पूर्वीसारखा नाही. एखादं गुणसूत्र रांगेबाहेर राहून जातं. माझी सवय अशी की मायक्रोस्कोपची गरम स्टेज (डिश ठेवायची तापती पट्टी) काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी लावते आणि तिच्या आकड्यावर विसंबत नाही. तेवढ्याच मीडियमचा आणि तेवढ्याच तेलाखालचा एक रिकामा थेंब ठेवते, त्यात थर्मोकपलची तार बुडवते. स्टेज 38.5 दाखवत असते तेव्हा थेंब 36 वर असलेला मी कित्येकदा पाहिला आहे. स्टेज थेंबाप्रमाणे लावायची.

दर तीन तासांनी डिश काढून "आली का" बघणं तर निव्वळ नुकसान. अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशींचा ढग अंगावर असताना पोलर बॉडी दिसतच नाही. शेळीच्या अंडपेशीला 24 ते 27 तास द्या, उंदराच्या अंडपेशीला 14 ते 16.

क्युम्युलस काढताना अरुंद पिपेटनं जोरजोरात वरखाली करू नका. हायल्युरोनिडेजला (क्युम्युलस पेशी सुट्या करणाऱ्या विकराला) त्याचं काम करू द्या, मग अंडपेशीपेक्षा थोड्या रुंद तोंडाची पिपेट घ्या. घाईत पोलर बॉडी झोनाखाली घसरते आणि मग ती स्पिंडलची खूण राहत नाही. इक्सीमध्ये, म्हणजे एक शुक्रजंतू सुईनं अंडपेशीत सोडताना, पोलर बॉडी घड्याळातल्या बाराच्या किंवा सहाच्या जागी ठेवून तीनच्या बाजूनं सुई घालतात ती स्पिंडल वाचावा म्हणून. पण घसरलेल्या पोलर बॉडीवर भरवसा ठेवला तर सुई थेट स्पिंडलमध्ये जाऊ शकते. ध्रुवित प्रकाशाची सोय असेल तर स्पिंडल प्रत्यक्ष बघूनच पुढे जा.

पोलर बॉडी लहान म्हणून तिच्यात गुणसूत्रं कमी, असं लिहू नका. माणसात पहिल्या पोलर बॉडीतही 23 च असतात, प्रत्येक दुपदरी.

उंदरात पहिली पोलर बॉडी काही तासांतच तुटून नाहीशी होऊ शकते. नाही दिसली म्हणून पेशी अपरिपक्व ठरवू नका.

आणि नुकतीच बाहेर पडलेली पोलर बॉडी दिसली की लगेच सुई उचलू नका. दोन्हींना जोडणारा पूल कधीकधी अजून तुटलेला नसतो, नवा स्पिंडल उभा राहायचा असतो. पेशी इन्क्युबेटरमध्ये परत ठेवा, दोनेक तासांनी पुन्हा बघा. शेळीच्या अंडपेशीत चरबीमुळे आतलं काळं दिसतं, वरून काहीच कळत नाही. तिथे प्रत्येक खेपेतल्या चार-पाच पेशी बाजूला काढून, एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवून ॲसिटो-ऑर्सीननं रंगवा, आणि मगच बाकीच्यांबद्दल बोला.