जबड्याचं हाड दाखवायला जाताना

बाबांचे कॅन्सरसाठीचे किरणोपचार संपून तीन वर्षं झाली होती. एका सकाळी ते म्हणाले, जिभेला खाली काहीतरी टोचतंय. टॉर्च लावून पाहिलं, तर मागच्या दाढेजवळ हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पिवळट हाड डोकावत होतं. किरणांनी हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग जखम भरत नाही. खालच्या जबड्याला हा त्रास जास्त. तुमच्या घरी असं झालं तर घाबरून बसू नका, डॉक्टरांना दाखवायच्या तयारीला लागा.

सगळ्यात आधी किरणोपचाराचा कागद शोधा. डिस्चार्ज कार्ड नव्हे; एकूण किती ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक), कोणत्या भागावर, कधी, हे लिहिलेला कागद. साठ ग्रेच्या वर डोस असेल तर धोका वाढतो, म्हणून डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. आमचा कागद गोदरेजच्या कपाटात जुन्या वीजबिलांखाली सापडला, त्यात दोन दिवस गेले. सोबत बायोप्सीचा जुना रिपोर्ट, जुने-नवे ओपीजी (पूर्ण जबड्याचे एक्स-रे) आणि सीटी असेल तर त्याची सीडीसुद्धा घ्या.

कोणी कितीही म्हणो, किरणोपचाराचा कागद बघून डॉक्टर ठरवत नाहीत तोपर्यंत दाढ काढू देऊ नका. घराजवळच्या एका दवाखान्यात ‘हलतेय, काढून टाकू’ म्हणाले होते. किरण घेतलेल्या जबड्यातली दाढ काढल्यावर ती जागा भरून येईलच असं नसतं. मिसरी-तंबाखू आजच बंद.

गोळ्यांची पट्टी तशीच पिशवीत टाका, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढं मोठ्या अक्षरात लिहा. तोंड किती उघडतं ते आरशासमोर बघा: पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत, बाबांची जेमतेम दीड जात होती.

विचारायचे प्रश्न लिहून न्या. कॅन्सर परत आलेला नाही ना, हे कशावरून ठरवणार? नुसतं धुऊन, औषधांवर भागेल का? पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारी गोळी) आणि व्हिटॅमिन ई देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. ऑक्सिजन चेंबरबद्दल (बंद खोलीत जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात) तज्ज्ञांतच एकमत नाही, तेव्हा खर्च करण्याआधी स्पष्ट विचारा. हाड मोडलं किंवा गालातून पू येत असेल तर बिघडलेला भाग काढून पायाचं हाड बसवतात. तसं ऑपरेशन नाशिकमध्ये होईल की मुंबईला जावं लागेल, तेही त्याच वेळी विचारा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून (योजनेची माहिती देणारा माणूस) कळेल. आधार आणि रेशनकार्ड जवळ हवं.

कणी गळून पडली तर फेकू नका, स्वच्छ डबीत न्या. आणि थर्मासमध्ये पातळ पेज घ्या, कोमटच. नाशिकरोडपर्यंत येईतो बाबांना भूक लागलेली असायची, आणि वाटेतली मिसळ त्यांना आता चालत नव्हती.