नेपाळला निघण्याआधी: मापं आणि बाकीचं सामान

ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार) बॅचने नेपाळमधल्या अपंग मुलांच्या केंद्रात जायचं, तर जून ते सप्टेंबर जायचं नाही, हे आधी ठरवून टाका. गोरखपूर-सुनौलीमार्गे जाणं स्वस्त पडतं म्हणून सगळ्यांचा कल तिकडेच असतो, पण सीमेपलीकडच्या भैरहवाहून काठमांडूला जाताना नारायणगढ-मुग्लिनचा रस्ता लागतो आणि पावसाळ्यात तो दरडींचा. 12 जुलै 2024 च्या पहाटे याच रस्त्यावर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. रात्रीची बस तर कोणत्याच महिन्यात नको. दसैं-तिहारात, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुलं गावी गेलेली असतात. तारीख केंद्राला ठरवू द्या, आपल्या सबमिशनच्या सोयीने नको. आणि पत्रात ‘15 गते’ असं आलं तर ती विक्रम संवताची तारीख आहे. तिकीट काढण्याआधी इंग्रजी तारीख विचारून घ्या.

कुठे जायचं तेही नीट बघा. बनेपाचं एचआरडीसी हे मुलांच्या हाडांच्या शस्त्रक्रियांचं रुग्णालय आहे. ललितपूरजवळ धापाखेलची संस्था सेरेब्रल पाल्सीवर (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) काम करते. ओटीच्या मुलांना दोन्हीकडे शिकायला मिळेल, पण तयारी वेगवेगळी लागेल. ‘अपंग मुलांसाठी काहीतरी करायचंय’ एवढ्यावर कुणालाही मेल पाठवू नका.

पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारवर काम भागत नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक-दोघं अशी निघतात की ज्यांच्याकडे दोन्ही नसतं, त्यांना आत्ताच शोधा. लसी, विमा, घरच्यांची सही, गरम कपडे: तुम्ही लहान नाही.

आता मापं. व्हीलचेअर, कॉर्नर सीट (कोपऱ्यासारखी पाठ असलेली बैठक), स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), बूट, जे काही नेणार असाल त्याआधी मुलांची मापं मागवा. मागच्या खेपेला आम्ही देणगीत आलेल्या खुर्च्या मापं न मागवता नेल्या. सगळ्या मोठ्या माणसांच्या, 18 इंची सीटच्या. एका सहा-सात वर्षांच्या मुलीला बसवलं, तर दोन्ही बाजूंनी उशा कोंबूनही ती डावीकडे कलंडत होती. सीट पुढे इतकी लांब की गुडघे वाकेनात, त्यामुळे ती घसरत घसरत माकडहाडावर येऊन टेकली, आणि पाय अधांतरी. तिथल्या फिजिओ दिदींनी काही न बोलता तिला उचललं आणि तिच्या जुन्या खुर्चीत ठेवलं. ती खुर्ची पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून तिच्याच मापाने केलेली होती. मुलगी सरळ बसली आणि ट्रेवरचा डबा दोन्ही हातांनी धरला. आमच्या खुर्च्या जिन्याखाली गेल्या.

तर मापं मागवा. चार पुरतात: बसल्यावर नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मांडी, खळगीपासून टाचेपर्यंत पोटरी, आणि सीटपासून काखेपर्यंत उंची. मूल कडक बाकावर बसवून घ्यायची, गादीवर नाही. मांडीच्या मापातून दोन-तीन बोटं वजा करा, नाहीतर सीटची कड गुडघ्यामागे रुतते. पाठीला बाक असेल किंवा एक पाय आखूड असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. मापं तिथल्या थेरपिस्टने घेतलेली हवीत, फोटोवरून अंदाजाने नको. आणि ती ताजी हवीत. मुलं वाढतात हो! सहा महिन्यांपूर्वीचा कागद पुढे करून ‘आहेत की मापं’ म्हणू नका. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. तरीही नाही आलं तर वस्तू नेऊ नका, पैसे न्या आणि तिथेच बनवून घ्या. बहुतेक वेळा तेच बरं पडतं, कारण मोडलं तर दुरुस्त करणाराही तिथेच असतो.

हत्यारं: कापडी टेप (दोन, एक हरवतेच), ॲलन चाव्यांचा संच, पाना, वेल्क्रो, घट्ट फोम. स्प्लिंटचं प्लास्टिक नेत असाल तर ते मऊ करायला गरम पाण्याचं पसरट भांडं तिथे आहे का ते विचारा. खुर्च्या नेत असाल तर भन्सार, म्हणजे त्यांचं कस्टम, अडवू शकतं. केंद्राच्या लेटरहेडवर पत्र मागवून जवळ ठेवा, आणि त्याच पत्राबरोबर मापं पुन्हा मागा. हो, पुन्हा.

चॉकलेटं, बिस्किटं नेऊ नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येक मुलांना गिळताना त्रास होतो, घास श्वासनलिकेत जातो. प्रेमाने भरवलेल्या बिस्किटाने न्यूमोनिया होऊ शकतो. भरवायचं ते तिथल्या ताईंनी दाखवल्यावर, त्यांच्यासमोर, मूल सरळ बसलेलं असताना. तेच व्यायामाचं. आपली नोंदणी तिथे नाही आणि आपण अजून शिकतोय, तेव्हा तिथल्या थेरपिस्टशिवाय कुणाच्याही सांध्याला हात लावायचा नाही. फिट आल्यावर काय करायचं हे सगळ्या बॅचने निघण्याआधी पाठ करा: कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका. चमचाही नाही, कांदाही नाही.

लिपी आपलीच असल्याने पाट्या वाचता येतील. स्टाफला हिंदी कळते, पण डोंगरातल्या मुलांना कळेलच असं नाही. ‘दुख्यो?’ आणि ‘पुग्यो?’ (दुखलं का, पुरे का) हे दोन प्रश्न तरी शिकून जा आणि उत्तराची वाट बघा. भारतीय सांकेतिक भाषा येत असेल तरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत ती चालेल असं धरून चालू नका, नेपाळची वेगळी आहे.

फोटो: पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, इन्स्टावर तर नाहीच. बसण्याच्या स्थितीची नोंद हवी असेल तर मानेखालचा काढा, टेप दिसेल असा.

तिथे पोचल्यावर पहिला दिवस नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी, काही जोडण्याआधी, मापं स्वतः पुन्हा घेऊन कागदाशी ताडा. पुढचं वेळापत्रक केंद्र देईल, ते पाळा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. निघण्याच्या दोन दिवस आधी मुलांना सांगा की आपण जाणार आहोत. प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव आणि मापाची तारीख मार्करने लिहा, उरलेले नट-बोल्ट आणि चाव्या तिथेच ठेवा. हिशेब परतीच्या गाडीतच पूर्ण करा, घरी आल्यावर कुणी करत नाही.