व्होल्ट-अँपियरवरून ओहम अन् वॅट काढा, पण कूलरच्या मोटरपाशी थांबा

फॉर्म्युले दोनच. व्होल्टला अँपियरने भागलं की ओहम, व्होल्ट गुणिले अँपियर केलं की वॅट. शाळेत झालेत, पुन्हा शिकवत नाही.

आधी व्होल्टेज, तेही वस्तू चालू असताना. २३० धरून चालू नका, नवतप्यात दुपारी अख्ख्या गल्लीचे कूलर सुरू झाले की माझ्या घरी २१५ वर येते.

मग करंट. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्या, फेज नाहीतर न्यूट्रल. अख्खी केबल घातली तर मीटर शून्य दाखवते. अन् मल्टीमीटर अँपियरवर ठेवून प्रोब थेट प्लगमध्ये घालणारे व्हिडिओ पाहून तसं करू नका भाऊ, तो सरळ शॉर्ट आहे, मीटर हातात फुटते.

आमची प्रेस २१५ व्होल्टवर ४.०७ अँपियर घेते (लाइट लागलेला असतानाच मोजा, थर्मोस्टॅटने कट केलं की काही दिसत नाही). भागिले केलं तर ५२.८ ओहम, गुणिले केलं तर ८७५ वॅट. वर छापलेले १००० वॅट २३० व्होल्टचे. प्रेस, गीझर, शेगडी, यांचं काम इथे संपलं.

आता कूलर, इथेच मी फसलो. मोटर २१५ व्होल्टवर १.१५ अँपियर घेऊन राहिली होती, म्हणजे १८७ ओहम. प्लग काढून वाइंडिंगला (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला) मीटर लावला तर फक्त ४५! मला वाटलं वाइंडिंग शॉर्ट झाली, मोटर खोलली, खांद्यावर घेऊन रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो, त्यानेही काही न विचारता नवीन तांबं भरून दिलं, पैसे घेतले, घरी आणून मीटर लावला तर पुन्हा ४५ च्या आसपास. मोटर आधीही चांगलीच होती.

कारण असं की एसीवर कॉइल नुसत्या तारेच्या रेझिस्टन्सने करंट अडवत नाही, तिचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटंसुलटं होते अन् तेही करंटला विरोध करते. तो सगळा विरोध मिळून १८७, त्याला इम्पिडन्स म्हणतात. करंट व्होल्टेजच्या मागे राहते, म्हणून गुणाकारही खोटा पडते: २१५ गुणिले १.१५ म्हणजे २४७, पण ते व्होल्ट-अँपियर झाले, वॅट नाही. पॉवर फॅक्टरने (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपियर) गुणल्याशिवाय वॅट मिळत नाहीत, अन् ‘०.८ धरा’ असं सांगणाऱ्यांनी त्या मोटरला कधी हात लावलेला नसते.

मी काय करतो, तर घरातलं बाकी सगळं बंद, फ्रिजसुद्धा, फक्त कूलर चालू, अन् बाहेरच्या लाइट मीटरसमोर मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. माझ्या मीटरवर ३२०० इम्पल्स पर युनिट लिहिलं आहे, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजेच १००० वॅट-तास. तुमचा आकडा वेगळा असू शकते, वाचून घ्या. १० लुकलुकी मोजल्या, ६० सेकंद लागले. १० भागिले ३२०० म्हणजे ३.१२५ वॅट-तास, ते एका मिनिटात, म्हणून गुणिले ६०: १८७.५ वॅट. त्याला २४७ ने भागा, पॉवर फॅक्टर ०.७६. (१८७ ओहम अन् १८७ वॅट हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.)

पहिली लुकलुक शून्य धरायची, एक नाही. नाहीतर १० च्या जागी ९ च मोजल्या जातात.