क्यूडिस्क लिहिताय? सफाईच्या या चुका टाळा

लिनक्स कर्नलसाठी क्यूडिस्क, म्हणजे नेटवर्क पॅकेटांची रांग सांभाळणारा कोड, लिहिताना सगळं लक्ष पॅकेट रांगेत कसं शिरतं नि कसं बाहेर पडतं यावर जातं. क्यूडिस्क काढताना सफाई करणारं डिस्ट्रॉय फंक्शन शेवटी, घाईत लिहिलं जातं, आणि क्रॅश तिथेच दबा धरून बसतो.

इनिट, म्हणजे सुरुवातीची तयारी करणारं फंक्शन, फसलं तर डिस्ट्रॉय चालणार नाही, असं अनेकजण धरून चालतात. २०१७पूर्वी टीसी या ट्रॅफिक कंट्रोलच्या कमांडने क्यूडिस्क जोडताना तसं होतंही. डीफॉल्ट क्यूडिस्क लावताना मात्र तेव्हाही डिस्ट्रॉय बोलावलं जायचं. त्या वर्षी दोन्हीकडे एकच नियम आला: इनिटने एरर दिली तरी डिस्ट्रॉय चालणार. म्हणून इनिटमध्ये अर्ध्यावर मेमरी मिळाली नाही, तर आधी घेतलेली तिथेच सोडून बाहेर पडू नका. डिस्ट्रॉय तोच पॉइंटर पुन्हा सोडेल आणि डबल फ्री होईल. सफाई एकट्या डिस्ट्रॉयकडे ठेवा. इनिटमध्ये सोडायचीच असेल तर लगेच पॉइंटर नल करा.

याहून फसवी चूक शून्यांची. क्यूडिस्कची खासगी मेमरी शून्यांनी भरून मिळते आणि मेमरी सोडणाऱ्या केफ्री फंक्शनला नल पॉइंटर चालतो, त्यामुळे निर्धास्त वाटतं. पण शून्यांनी भरलेला टायमर हा तयार टायमर नव्हे. तो रद्द करायला गेलात की नल पॉइंटर डीरेफरन्स, म्हणजे रिकाम्या पत्त्यावर हात घालून होणारा क्रॅश, ठरलेला. लिस्टचंही तसंच. टीबीएफ आणि नेटेम या कर्नलमधल्या क्यूडिस्कमध्ये नेमकं हेच घडत होतं: ऑप्शन आले नाहीत की इनिट लगेच परतायचं, क्यूडिस्कला ठरल्या वेळी जागं करणारा वॉचडॉग टायमर तयारच व्हायचा नाही, आणि डिस्ट्रॉय तो रद्द करायला जायचं. उपाय म्हणून वॉचडॉगची तयारी ऑप्शनच्या तपासणीआधी आणली गेली. टीबीएफमध्ये आतल्या क्यूडिस्कचा पॉइंटरही सुरुवातीलाच नूप या नावापुरत्या क्यूडिस्ककडे वळवावा लागला. माझ्या मते हा क्रम पाठच करावा: जे अपयशी होऊच शकत नाही ते इनिटमध्ये सर्वांत आधी.

डिस्ट्रॉयमध्ये आधी टायमर थांबवा, मगच मेमरी सोडा. टायमरचा चालू कॉलबॅक, म्हणजे वेळ झाली की चालणारं फंक्शन, संपेपर्यंत थांबणारंच फंक्शन वापरा, नाहीतर सोडलेल्या मेमरीत कॉलबॅक हात घालतो.

तपासणीसाठी केसॅन आणि केमेमलीक ही मेमरीच्या चुका पकडणारी साधनं चालू असलेला कर्नल घ्या. नेट डॉट कोअर डॉट डीफॉल्ट क्यूडिस्क या सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, आपल्या क्यूडिस्कचं नाव घाला आणि बंद असलेला इंटरफेस चालू करा. मशीनचा स्वतःशीच बोलणारा लूपबॅक इंटरफेस उपयोगाचा नाही, त्याला डीफॉल्ट रांग लागत नाही. या वाटेने इनिटला ऑप्शन मिळतच नाहीत, त्यामुळे अपयशाचा रस्ता लगेच उघडा पडतो. पुढे इंटरफेस काढताना तो मोकळा होण्याची वाट पाहत असल्याचा संदेश लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येत राहिला, तर डिव्हाइसचा एखादा रेफरन्स (तो वापरात असल्याची नोंद) डिस्ट्रॉयमध्ये परत करायचा राहून गेला आहे का, ते आधी शोधा.