मडगार्ड बसणारी रोडबाईक: आधी भोकं बघा, मग गिअर

जून ते सप्टेंबर कोथरूडहून हिंजवडीला रोडबाईकने जायचं तर पूर्ण मडगार्ड हवेतच. सीटखाली अडकवतात ती प्लॅस्टिकची पट्टी पाठीवरचा चिखल अडवते, बस्स. पुढचं चाक बुटांवर, चेनवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलांचा आस फिरतो तो भाग) जे वाळूमिश्रित पाणी मारत राहतं, त्याला ती काय करणार? चेन खाते ती हीच वाळू.

बजेट कमी असेल तर इथे उलट बरंच आहे. महागड्या रेसिंग फ्रेमवर मडगार्डची सोय सहसा नसते. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या साध्या फ्रेमवर बऱ्याचदा असते. डेकॅथलॉनची ट्रायबन आरसी १२० हे ओळखीचं उदाहरण. तरी नावावर जाऊ नका, समोर उभी आहे ती सायकल तपासा. "मॅडम, बसवून देऊ की!" हे मी बऱ्याच दुकानांत ऐकलंय.

जाताना खिशात एम-५ चा (५ मिमी जाडीचा) एक बोल्ट टाका. मागच्या एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आणि पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन्ही पायांवर आट्यांची भोकं असायला हवीत. बोल्ट हाताने फिरवून बघा. रंग भरून आटे बुजलेले असतील तर तिथेच साफ करून मागा. मग चिमट्याच्या माथ्याला भोक आहे का, सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन दांड्यांना जोडणारा आडवा पूल आहे का, आणि बॉटम ब्रॅकेटच्या मागे तसाच दुसरा पूल आहे का, ते पाहा. खालचा पूल नसला तर झिप-टायवर भागतं. चिमटा कार्बनचा आणि बिनभोकांचा असेल तर मात्र ती सायकल सोडा. कार्बनच्या पायांवर क्लिपा आवळणं मला पटत नाही.

भोकं असून जागा नसेल तर काय उपयोग! टायर आणि चिमट्याचा माथा यांच्यामधून १० मिमीची ॲलन की आरपार जायलाच हवी. त्याहून थोडी जास्त जागा असली तर उत्तम, कारण मडगार्डची जाडी आणि बोल्टचं डोकंही तिथेच मावायचं असतं. मागे टायर आणि सीटची नळी यांच्यामध्येही हेच. मडगार्ड टायरपेक्षा साधारण १० मिमी रुंद लागतो: २५ मिमीच्या टायरला ३५ चा, ३२ च्या टायरला ४५ चा.

रिमब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबणारा) असेल तर ब्रेक बसवायच्या बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचं अंतर विचारा. ३९ ते ४९ मिमीवाल्या ब्रेकखाली २५ चा टायर आणि मडगार्ड कसेबसे कोंबावे लागतात. ४७ ते ५७ वाल्यात २८ चाही आरामात बसतो. मी डिस्कब्रेकच घ्या म्हणेन, मेकॅनिकल (केबलने ओढला जाणारा) असला तरी चालेल. चिखलात रिम झिजत नाही आणि वरची जागा मोकळी राहते. फक्त मागच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) मडगार्डला धरून ठेवणारी तार घासत नाही ना, ते बघा.

माझ्यासारख्या बुटक्या माणसांसाठी एक खास तपासणी. पेडल आडवं पुढे ठेवा, त्यावर नेहमीचा बूट, आणि हँडल वळवा. बुटाचं टोक आणि टायर यांच्यात दोन बोटं तरी मावली पाहिजेत, कारण मडगार्ड त्यातलीच जागा खातो. लहान साइजमध्ये हे हमखास अडतं, आणि सिग्नलला हळू वळताना बूट अडकला की माणूस आडवाच होतो.

गिअरवर पैसे उधळू नका. शिमानोची मागे आठ गिअरची क्लॅरिस पुरते, आणि पावसाळ्यानंतर चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलायची वेळ आलीच तर खिशाला झेपते.

मडगार्ड घेताना पुढच्या तारांना दाब आला की सुटणाऱ्या सेफ्टी क्लिपा आहेत का ते बघा. टायर आणि मडगार्डमध्ये काटकी अडकली तर चाक जाम होण्याआधी त्या सुटतात. पुढच्या मडगार्डला खाली रबराची झालर लावा; जुन्या पायपुसण्याचा तुकडाही चालतो.

बसवून झाल्यावर मागचा उजवा बोल्ट आतून बघा. तो लांब असेल तर चेन मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर असताना त्याचं टोक तिला घासतं. आखूड बोल्ट टाका, लॉकटाइटचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा, आणि आठवडाभर आपल्या रस्त्यांवरून चालवली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.