आजारपणातील घरचे फोटो: केव्हा आणि कसे काढावेत

घरात कोणाला गंभीर आजार जडला की "तब्येत जरा सुधारू द्या, मग सगळे मिळून फोटो काढू" असे म्हटले जाते. माझ्या मते ही वाट पाहू नये. मात्र पहिला शब्द रुग्णाचा असावा. कोणते फोटो काढायचे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणते जाऊ द्यायचे नाहीत, हे त्यांनाच विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर मोबाइल बाजूला ठेवावा.

दिवस उपचारांकडे पाहून ठरवावा. केमोथेरपीचा डोस दर 21 दिवसांनी असेल, तर सुरुवातीचे काही दिवस थकव्याचे असतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी झाल्याने संसर्गाची भीती असते. त्यामुळे पुढच्या डोसच्या आधीचा आठवडा बहुधा बरा जातो, आणि डॉक्टरांना विचारून नातवंडांना तेव्हाच बोलवावे.

नागपुरात उन्हाळ्यात खिडकी कूलरने अडवलेली असते, म्हणजे खोलीतला सर्वांत चांगला उजेडच जातो. अशा वेळी सकाळी आठच्या आत खुर्ची व्हरांड्यात किंवा उघड्या दाराशी ठेवावी, फ्लॅश व ट्यूबलाइट बंद ठेवावी. फुटाळा तलावावर नेऊन फोटो काढण्याचा हट्ट मात्र धरू नये. त्या दगदगीपेक्षा घरचा झोपाळा बरा.

कॅमेऱ्याकडे पाहून हसायला लावण्यापेक्षा आजोबा नातवाला संत्रे सोलून देत असतील, आई पलंगावरूनच सांबारवडीत (कोथिंबिरीच्या वडीत) तिखट किती घालायचे ते सुनेला बजावत असेल, ते टिपावे. ऑक्सिजनची नळी झाकायची की नाही हे रुग्णाने ठरवावे, पण ॲपने गाल भरून काढण्याचा मोह टाळावा, कारण तो चेहरा घरच्यांच्या ओळखीचा राहत नाही. बोलणेही रेकॉर्ड करावे; तेवढी पाच मिनिटे कूलर बंद करावा, नाहीतर त्याच्या घरघरीत आवाज बुडतो.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे त्याचा दर्जा घटत नाही. चार बाय सहा इंचांच्या स्वच्छ प्रिंटसाठी 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात. चिकट पानांचे अल्बम कालांतराने प्रिंट खराब करतात, म्हणून कोपऱ्यांत अडकवण्याचे घ्यावेत. मागे मऊ पेन्सिलने नावे व तारीख लिहावी, आणि एक संच दुसऱ्या घरी ठेवावा.